चाटलेला दगड

“सर, हलला!” शाल्मली धारप किंचाळलीच.

ओमानच्या डोंगरात पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या पर्मियन काळापासून दगड होऊन पडलेला अमोनॉइड, म्हणजे शंखात राहणारा माकूळसारखा समुद्रजीव, टाकीत चक्क वळवळत होता. जीवाश्म जागवणाऱ्या या टाकीत मास्क-हातमोजे घालून, निर्जंतुक करून ठेवलेला एकही दगड वर्षभरात ढिम्म हलला नव्हता.

डॉ. पेंढारकर धावत आले. “या दगडाला वेगळं काय केलंस?”

शाल्मलीचा चेहरा पडला. शंखावरच्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून दगड चाटून बघायची भूगर्भवाल्यांची जुनी खोड. या प्रयोगशाळेत त्याला सक्त मनाई होती.

“सर... चुकून चाटला.”

तेवढ्यात शंखातून एक नाजूक सोंड बाहेर आली आणि काचेला चिकटली.

सरांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि पुढचा दगड उचलला.

“कुठल्या बाजूनं चाटलास?”