मुका तट

"दार उघडा, आणि आपापल्या विहिरीचं गार पाणी प्या," तटाखालून अश्शूरचा सरदार ओरडला, तेही यरुशलेमच्या घरगुती बोलीत. तटावरच्या गर्दीत उभी तिरसा ऐकत होती. वेढा पडल्यापासून तिचं दूध आटत चाललं होतं, आणि कडेवरचं बाळ आता रडेनासंही झालं होतं.

यरुशलेमच्या राजाचा हुकूम होता, देवावर भरवसा ठेवा आणि या माणसाला एका शब्दानंही उत्तर देऊ नका.

"देवाला कुठे लेकरू पाजायचंय," तिरसा पुटपुटली.

"गप्प राहा गं," शेजारी उभी असलेली सासू म्हणाली. "हा काय बरळतोय, ते देवालाच नीट ऐकू दे."

"तुमचा देव तुम्हाला वाचवणार? असे कितीतरी देव मी लुटून गाड्यांत घालून नेलेत," सरदार हसला.

'उघडा' हा शब्द तिरसाच्या ओठांवर आला. तोल सावरायला तिनं सासूचा हात धरला. तो तिच्याहून जास्त थरथरत होता. एवढं भिऊनही म्हातारी तोंड मिटून उभी होती.

तिरसानं बाळाला कोरड्या छातीशी घेतलं आणि ओठ घट्ट मिटले.

"बोला की कुणीतरी," खालचा आवाज चिरकला.

भीतीनं कापणारा अख्खा तट मुकाच राहिला.