वारा पाठीवर घ्या

पश्चिमेचं आभाळ पिवळं पडायला लागलं, तेव्हा ओस पडलेल्या पाइथान गावाच्या पडक्या गल्ल्यांमधून म्हातारी माणसं आपापली घरं शोधत फिरत होती.

मियाओ यूफेन तेवढी मोठ्या रस्त्यावर, बसच्या पायरीवर बसून होती. वय अठ्ठ्याहत्तर. या उंचीवर चार पावलं टाकली की धाप लागायची. तरुणपणी नाही लागली कधी. तेव्हा तेलाच्या विहिरी चालू होत्या, इथे बाजार होता, शाळा होती, आणि रोज सकाळी कर्ण्यावरून सगळ्या गावाला उठवायचा तो आवाज यूफेनचा होता. मग विहिरी आटल्या. लोक खाली दुनहुआंग शहरात राहायला गेले, जाताना छपरांच्या तुळयासुद्धा काढून घेऊन गेले. जिथे झाड उगवत नाही तिथे लाकूड कोण मागे ठेवणार? उरल्या त्या खारट मातीच्या भिंती.

"मावशी, सापडलं घर!" गाओ ताचुन धापा टाकत आला. साठी ओलांडलेला, पोट सुटलेला. ही सहल त्यानेच जमवली होती. "चूल आहे तशी आहे. आई मला ज्या कोपऱ्यात गाठून बडवायची, तो कोपरापण आहे."

"बडवायची कशाबद्दल?"

"तुमच्यामुळेच की! तुम्ही पहाटे कर्ण्यावर ओरडायचात आणि मी काही उठायचो नाही."

यूफेन हसली. हसता हसता तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच थांबली.

"ताचुन, वारा येतोय."

त्याने मागे वळून पाहिलं. जमिनीपासून आभाळापर्यंत धुळीची एक भिंत उभी राहिली होती आणि ती सरकत होती. ड्रायव्हरनेही पाहिलं असावं; तो हॉर्नवर हात दाबून बसला. ताचुनने खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला. इथे कसली आलीय रेंज!

"हॉर्नचा काही उपयोग नाही," यूफेन उठत म्हणाली. "वारा समोरून येतोय. सगळा आवाज मागे वाळवंटात जाणार. तुझा भोंगा दे इकडे."

फोटोसाठी माणसं गोळा करायला ताचुनने भाजीवाल्यांकडे असतो तसला भोंगा आणला होता. सकाळपासून त्यावरून त्याचे विनोद चालू होते.

"घ्या. पण इथून कुणाला ऐकू जाणार?"

"इथून नाही. टेकाडावरून."

प्रसारण केंद्राचं टेकाड गल्ल्यांच्या पार पश्चिम टोकाला होतं. केंद्र मुद्दामच तिथे बांधलं होतं. तिथून बोललेलं वाराच गावभर पोचवायचा.

"मावशी, वेड लागलंय का? तुमची छाती बघा कशी भात्यासारखी वाजतेय. मी जातो, मी ओरडतो."

"तुझं कोण ऐकणार? म्हणतील, ताचुनची आणखी एक थट्टा. चल, धर मला."

त्याने तिला जवळजवळ उचलूनच चढवलं. वर केंद्राचा एक कोपरा तेवढा उभा होता. उत्तरेची बर्फाच्या डोंगरांची रांग धुळीने गिळली होती. पहिली वाळू दातांखाली करकरली. यूफेनने भोंग्याचं बटण दाबलं.

"लक्ष द्या. पाइथान प्रसारण केंद्र. पश्चिमेकडून वारा येत आहे. मुलांनो, हातातलं टाका, घराबाहेर पडा. एकमेकांचे हात धरा. वारा पाठीवर घ्या आणि सरळ चालत राहा. मोठा रस्ता लागेपर्यंत थांबू नका."

'मुलांनो' असं तिला म्हणायचं नव्हतं. पण ते वाक्य तिच्या तोंडात तसंच बसलेलं होतं. तिने ते पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. मग आवाज फाटला, आणि दिवसाउजेडी अंधार झाला.

कुणी ऐकलं का, कळायला मार्ग नव्हता. ताचुनने तिला पोटाशी धरलं आणि दोघं उतरायला लागली. वारा ढकलत होता. भिंतीवरून हात फिरवत ती गल्लीतून चालली होती, आणि एका दारापाशी भिंत संपली तिथे तिच्या हाताला कुणाचं तरी डोकं लागलं.

उंबऱ्यावर सहलीला आलेली शी लिंग बसली होती. केस पिकलेली, गुडघे पोटाशी घेतलेली.

"लिंग! तुला ऐकू नाही आलं?"

"आलं ना, मावशी." लिंग वर बघून म्हणाली. "पण असा वारा आला की आई यायची न्यायला. म्हटलं, जरा वेळ बसावं."

यूफेनने तिचं मनगट घट्ट धरलं. "ऊठ. तिनेच पाठवलंय मला."

रस्त्यावर बसचे दिवे पिवळट दिसायला लागले, तेव्हा बाकीच्या गल्ल्यांमधूनही माणसं येत होती. डोक्यावर कोट घेतलेली, एकामागे एक, हातात हात. ड्रायव्हर एकेकाला आत ओढून घेत होता. सगळे आल्यावर त्याने दार लावलं.

बस जागच्या जागी हलत होती. खोकणं, कानातली वाळू झटकणं. धरलेले हात कुणी अजून सोडले नव्हते.

मग मागच्या सीटवरून एक घोगरा आवाज आला.

"मियाओ मावशी, उद्या शाळा आहे का?"

कुणी हसलं नाही. यूफेनने काचेतून बाहेर पाहिलं. ना गल्ली दिसत होती, ना टेकाड. घशात आवाज म्हणून काही उरलं नव्हतं. तिने भोंगा तोंडाशी नेला, बटण दाबलं.

"उद्या शाळेला सुट्टी."

बसमध्ये एकच गलका उठला, आणि साठी उलटलेली ती पोरं समोरच्या सीटा बडवायला लागली.