दुप्पट तिकीट

अक्काच्या शेवटच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर दिलंच नव्हतं. थोरल्या बहिणीने इतक्या रागाने लिहिल्यावर काय बोलावं, हेच त्यांना सुचलं नव्हतं. आज अखेर जाडजूड पाकीट घेऊन ते पोस्टाच्या खिडकीशी उभे राहिले.

“आजोबा, वजन बरंच आहे. तिकिटं जास्तीची लागतील.”

“आणि एकही लावलं नाही तर?”

खिडकीतल्या बाई चक्रावल्या. “मग घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करतात. पत्र तुमचं आणि भुर्दंड त्यांना?”

“त्यांनी पैसे नाही दिले तर?”

“तर पाकीट परत तुमच्याच दारी. सुटे नाहीत का? राहू द्या, मी लावते.”

“नको, नको! पैसे आहेत हो,” ग्रंथपाल ओशाळले. “पण तिकीट लावलं की पोस्टमन पत्र दारात टाकून निघून जातो. अक्काने ते वाचलं की केरात टाकलं, मला कसं कळावं? पैसे भरून सोडवून घेतलं, तर समजेन, राग निवळला.”

बाईंनी पाकीट त्यांच्या हाती परत दिलं. परत आलं, तर मग तिकीट लावून पुन्हा पाठवायचं का, हे ग्रंथपालांना अजून उमगत नव्हतं. तोवर बिनतिकिटाचं पाकीट हातातून सुटून खिडकीशेजारच्या टपालपेटीत पडलं होतं.