पत्र्याला बांधलेली तार

शहाण्णवच्या उन्हाळ्यात, वारा घराचं छप्पर किती जोरानं ओढतो हे मोजायला पुण्याचा इंजिनिअर बेल्ह्यात माझ्या घरी आला. जमिनीत खुंटा ठोकून त्यानं वजनकाटा अडकवला आणि काट्यापासून छपराच्या पत्र्यापर्यंत तार ताणली.

झाडाचं पान हलत नसतानाही काटा चढायचा. इंजिनिअर मलाच म्हणाला, "हौशीराम, तुम्हीच तार ओढून आकडे बिघडवताय."

माझं टाळकंच सरकलं. "माझं घर मीच पाडीन व्हय, राव? चढा वर आन् काढा त्यो पत्रा!"

भर दुपारी त्यानं पत्रा काढला, तार सोडली.

तार पडली नाही. मोकळ्या आभाळाकडे ताठ उभी राहिली.

"आता कोण वढतंय, सांगा की!" मी ओरडलो.

तो वरून खाली बघत होता. खुंट्याभोवतीची जमीन फुगत चालली होती.