नव्याच्या पोटात जुना

एका हाताने मांडीवरचं बाळ थोपटत केतकी दुसऱ्या हाताने लॅपटॉपशी झुंजत होती. सासूबाईंच्या कशिद्याच्या मशीनला नक्षी पुरवणारा जुना प्रोग्राम या नव्या लॅपटॉपवर उघडतच नव्हता. जुना कंप्युटर जळाला होता. "विकून टाक ती मशीन, आई," म्हणून नवऱ्याने दुपारी गिऱ्हाईकही बोलावलं होतं.

सासूबाई मशीन पुसत होत्या, सासरी निघालेल्या लेकीचं तोंड पुसावं तशा.

"आई, जमलं बहुतेक! लॅपटॉपच्या आतच लुटुपुटूचा जुना कंप्युटर तयार केलाय. प्रोग्रामला वाटेल, आपण आपल्याच घरी आहोत."

"म्हणजे नव्याच्या पोटात जुना? मग याचं डोहाळजेवण कधी करायचं गं?"

केतकीने बटण दाबलं. मशीन खडखडली, सुई खाली गेली, आणि कापडावर सासूबाईंनीच रेखलेल्या मोराची हिरवी मान हळूहळू वर आली. बाळ दचकून रडायला लागलं, तरी दोघी हसतच होत्या.

एवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "मशीन विकायचीय ना, काकू?"

सासूबाईंनी पदर खोचला. "छे हो! बायकोच्या ब्लाउजचं कापड घेऊन या, मोर काढून देते."