जुन्या गाडीचं ॲव्हरेज

"काठोकाठ भरा," नवऱ्याने पंपावरच्या माणसाला सांगितलं आणि किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला.

मागच्या सीटवर सासरे नातीच्या बुटाची नाडी बांधत होते. फास निसटला, त्यांनी पुन्हा बांधला.

"बाबा, आठवडाभर रोजच्यासारखीच चालवा. रविवारी परत काठोकाठ भरू. जेवढं मावेल, तेवढं गाडीने प्यायलं. लिटरला दहाच्या वर गेली तर गाडी तुमचीच. नाहीतर विकू आणि लहान गाडी घेऊ. ती वीस देते. ऑफिसला जाताजाता ही चिमणीला शाळेत सोडेल."

"माझी बारा देते," सासरे म्हणाले. "बघशील तू."

सून खिडकीबाहेर बघत राहिली. निवृत्त झाल्यापासून नातीला शाळेत सोडणं हे एकच काम सासऱ्यांच्या हातात उरलं होतं. त्यासाठी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून चिमणीच्या आधी दारात उभे असत. ते काम आता भागाकार करून काढून घ्यायचं. पण दोन बस बदलून ऑफिस गाठताना तिलाही लहान गाडी हवीशी वाटे, आणि तसं वाटल्याची लाजही वाटे.

मंगळवारी कपडे वाळत घालताना तिने गॅलरीतून खाली पाहिलं. सासरे गाडीच्या मागे उकिडवे बसले होते. टाकीच्या तोंडात रबरी नळी, शेजारी कॅन.

या वयात चोरून टाकीत पेट्रोल ओतायची वेळ त्यांच्यावर आणली आपण.

सासरे वर आले. त्यांनी चहाचा कप घेतला, तसा हातांचा पेट्रोलचा वास आला.

"बाबा, नवा साबण काढलाय," ती म्हणाली. "बेसिनपाशी."

त्यांनी हात मागे घेतले. "तू गॅलरीत होतीस?"

"टॉवेल वाळत घालत होते."

"हं." ते कपाकडे बघत बसले. "त्याला काही बोलू नकोस."

"काय बोलायचंय? टॉवेल वाळत घातले म्हणून?"

ते हसले नाहीत. कानापर्यंत लाल झाले. तिलाच कुठे बघावं कळेना.

गुरुवारी जिन्याखाली झाडू काढताना कॅन पायाला लागला. उचलून पाहिला, तर जड. पेन्शनमधून आणत असणार. तिने त्यावर जुनी चादर टाकली. नवऱ्याने विचारलं, "बाबा गप्प गप्प का गं?" ती म्हणाली, "परीक्षा आहे ना त्यांची." शनिवारी पाहिलं, तर चादरीखाली दोन कॅन होते. तिला हसू आलं. एवढं ओतलं तर ॲव्हरेज विमानासारखं येईल, आणि नवऱ्याला संशय येईल. आलाच, तर आपण मधे पडायचं, असं तिने ठरवून टाकलं. लहान गाडी गेली तर गेली.

रविवारी चौघं पंपावर गेली. नवरा चालवत होता, सासरे त्याच्या शेजारी. नळी टाकीत गेली, आकडे फिरू लागले. फिरतच राहिले.

"काका, टाकी गळते की काय?" पंपावरचा माणूस म्हणाला. "हत्ती पाणी पितो तसं पितेय."

नवऱ्याने भागाकार केला. पुन्हा केला. "सहा," तो हळूच म्हणाला. त्याचाच चेहरा पडला होता. "बाबा, एवढं कमी येईल असं मला खरंच..."

"म्हातारी झाली रे," सासरे म्हणाले. "विकून टाक."

सून चमकली. ओतलं असतं तर आकडा वाढला असता. कॅन जड होत गेले ते विकत आणून नव्हे. सासरे पेट्रोल ओतत नव्हते, काढत होते. आरशात तिने त्यांची नजर शोधली. त्यांनी मान खाली घातली होती, चोरी करताना पकडलेल्या पोरासारखी.

का, ते तिला कळेना. गाडी पुढच्या चौकात थांबली. चिमणी तिच्या मांडीवर सरकली आणि कानाशी कुजबुजली, "आई, मग उद्यापासून सिग्नल लाल आहे का हिरवा, ते मी आजोबांना सांगायचं नाही?"