शेरा मान्य

हॉस्पिटलच्या लाँड्रीत देखरेख करणाऱ्या मोठ्या बाईंनी इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरी बाजूला सारल्या आणि ऑफिसातून आलेलं पत्र नवीसमोर ठेवलं.

“वाच. संध्याकाळच्या आत सही करून परत द्यायचंय.”

सहा महिने झाले तरी सगळ्या तिला नवीच म्हणत. इंग्रजी येणारी तीच एकटी. म्हणून ऑफिसने मागवलेले मोठ्या बाईंबद्दलच्या मतांचे फॉर्म सगळ्यांच्या वतीने तिनेच भरले होते. बायकांनी तक्रारींचा पाढाच वाचला: बाई पाणी प्यायला सोडत नाहीत, एक घडी चुकली की अख्खा गठ्ठा उकलायला लावतात, दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांच्या गावीही नाही. एवढं सगळं लिहीत कोण बसणार? नवीने अकराही फॉर्मांवर एकच शब्द ठोकून दिला होता. तोच आता पत्रात ठळक अक्षरांत छापून आला होता.

बाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. “हे काय गं?”

“डॉमिनीअरिंग.”

“म्हणजे?”

हुकूम गाजवणारी, दुसऱ्याला दाबून ठेवणारी. नवीला अर्थ चांगला माहीत होता. पण तिला कायम करायच्या कागदावर शुक्रवारी बाईच सही करणार होत्या.

“म्हणजे... सगळ्यांना सांभाळून घेणारी.”

बाईंनी इस्त्री बंद केली. “सगळ्यांनी लिहिलंय?”

“अकराच्या अकरा जणींनी.”

“सव्वीस वर्षं झाली मला इथं. वाटायचं, या बायका मला पाण्यात बघतात.” त्यांनी मनगटाने डोळे पुसले. नवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने खालच्या ओळी मनात वाचल्या. शेरा मान्य असल्यास सही करावी. पुढच्या महिन्यापासून देखरेखीचं काम दुसऱ्या कुणाकडे दिलं जाईल. मान्य नसल्यास आपलं म्हणणं लेखी कळवावं.

“बाई, सही उद्या केली तर?”

“उद्या कशाला? हातासरशी होऊन जाऊ दे.” बाईंनी तिच्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

नवी पत्र घेऊन निघाली तशी त्यांनी तिला थांबवलं.

“आधी एक झेरॉक्स काढून आण. आमची सून इंग्रजी शाळेत शिकवते. आज घरी तिलाच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावते.”